उभ्या ट्रकचे गणित

जुना मालट्रक चालवणे आजही परवडते का, हा प्रश्न सहसा ट्रकच्या वयाचा समजून चर्चिला जातो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर ट्रक वर्षातून किती दिवस धावतो आणि किती दिवस नुसता उभा राहतो यावर ठरते, आणि ही गोष्ट खेड्यातल्या एका गाडीच्या मालकाला जितकी लख्ख दिसते तितकी ती धोरणाच्या कागदांत उमटलेली दिसत नाही.

महाराष्ट्रात ‘जुनी गाडी’ म्हटले की बहुधा टाटा १२१०, १६१२ किंवा ४०७ यांपैकी एखादी डोळ्यांसमोर येते. या आकड्यांत गाडीची कुंडलीच असते : पहिले आकडे मालासह एकूण वजन टनांत सांगतात आणि शेवटचे आकडे इंजिनाची ताकद दहा-दहा अश्वशक्तीच्या हिशेबाने, म्हणजे १६१२ हा सुमारे १६ टन वजनाचा आणि १२० अश्वशक्तीचा ट्रक. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि जर्मनीची डेम्लर-बेंझ यांचा सहयोग १९५४ मध्ये सुरू होऊन १९६९ मध्ये संपला, तरी त्या घराण्याचे वळण टाटांच्या इंजिनात पुढे कितीतरी वर्षे टिकून राहिले. मेस्त्री ज्याला ‘सिक्स नाइन्टीसेव्हन’ म्हणतात त्या इंजिनाच्या नावातला ६ हा सिलिंडरांची संख्या दाखवतो आणि ९७ हा प्रत्येक सिलिंडरचा मिलिमीटरमधला व्यास, ज्याला गॅरेजच्या भाषेत ‘बोअर’ म्हणतात. ज्या यंत्राचे नाव हेच त्याचे माप आहे, ते यंत्र समजून घ्यायला माहितीपुस्तक लागत नाही.

या इंजिनाचा खरा गुण दुरुस्तीच्या वेळी कळतो. त्यात इंधन दाबाने सोडण्याचे काम पूर्णपणे यांत्रिक पंप करतो, आणि पंपापासून प्रत्येक सिलिंडरच्या नोझलपर्यंत, म्हणजे डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोटीपर्यंत, एकेक बारीक पोलादी नळी गेलेली असते. गाडी ‘मिसिंग’ करू लागली की मेस्त्री इंजिन चालू ठेवून पान्याने एकेका नळीचे नट क्षणभर सैल करतो आणि कान देतो : नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतो आहे, आणि आवाजात काहीच फरक पडला नाही तर दोष नेमका तिथेच आहे. सहा नट, थोडे सांडलेले डिझेल आणि पाचेक मिनिटे एवढ्यात निदान होते. याउलट आजच्या ‘कॉमन रेल’ इंजिनात, जिथे सर्व नोझलना एकाच सामाईक नळीतून हजार-दीड हजार बारहूनही अधिक दाबाने इंधन मिळते, तिथे नट असा सैल करणे जिवावर बेतू शकते; तिथे स्कॅनर लागतो आणि स्कॅनर असलेला माणूस तालुक्याला असेलच असे नाही. अर्थात नवे इंजिन मुळात कमी बिघडते, हे जुन्या गाड्यांचे भाविक सोयीस्करपणे विसरतात.

आता पैशाचे गणित. पश्चिम महाराष्ट्रात असे अनेक जुने ट्रक साखर कारखान्यांच्या ऊस वाहतुकीवर असतात. गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, म्हणजे साधारण १०० ते १५० दिवस चालतो. फडापासून कारखान्यापर्यंतचे अंतर बहुधा थोडे असते आणि दिवसाचा मोठा भाग गव्हाणीसमोर, म्हणजे ऊस ज्या पट्ट्यावर टाकला जातो त्याच्यापुढच्या रांगेत, नंबर येण्याची वाट पाहण्यात जातो. समजा, जुना ट्रक लिटरला ४ किलोमीटर आणि नवा ५ किलोमीटर देतो, दिवसाची धाव १०० किलोमीटरची आहे आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. अशा स्थितीत जुन्या गाडीला रोज ५ लिटर, म्हणजे ४५० रुपयांचे डिझेल जास्त लागेल, आणि १२० दिवसांच्या हंगामात ही रक्कम ५४ हजार होईल. नव्या ट्रकच्या कर्जाचा हप्ता महिन्याला ६० हजार धरला, तर अख्ख्या हंगामाचे जादा डिझेल एका हप्त्यातही बसते. आणि हप्ता रांगेत उभ्या असलेल्या गाडीलाही लागतो, पावसाळ्यात वडाखाली लावलेल्या गाडीलाही लागतो.

हेच गणित लांब पल्ल्याला लावले की उलटते. महिन्याला ८ हजार किलोमीटर धावणाऱ्या ट्रकला त्याच हिशेबाने दरमहा ४०० लिटर, म्हणजे ३६ हजार रुपयांचे डिझेल जास्त जाते, शिवाय वाटेत मोडलेल्या एका खेपेचे भाडे आणि व्यापाऱ्याचा विश्वास दोन्ही बुडतात. त्यात २०१८ मध्ये केंद्र सरकारने दोन आसांच्या ट्रकचे कमाल एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेले. वाढीव वजनासाठी बांधलेली नवी गाडी त्याच रस्त्यावर त्याच ड्रायव्हरकडून अधिक माल नेऊ लागली आणि १६ टनी जुनी गाडी तिथेच मागे पडली. म्हणून जुने ट्रक महामार्गावरून हटून वीटभट्टी, खडी, मुरूम आणि ऊस यांच्याकडे आले, यात भावनेचा भाग थोडा आणि व्यवहाराचा जास्त आहे.

सरकारी दृष्टी मात्र नोंदणीच्या तारखेवर खिळलेली आहे. महाराष्ट्रात ८ वर्षे पूर्ण केलेल्या व्यावसायिक वाहनांवर २०१० पासून पर्यावरण कर आहे. ‘पासिंग’, म्हणजे वाहन रस्त्यावर आणण्यास योग्य असल्याचा दाखला, ८ वर्षांनंतर दरवर्षी घ्यावा लागतो. आणि १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांहून जुन्या अवजड वाहनासाठी त्याचे शुल्क १२ हजार ५०० रुपये झाले. यामागचे कारण खोटे नाही. २००० सालच्या मानकात अवजड डिझेल इंजिनाला दर किलोवॉट-तासामागे ०.३६ ग्रॅम सूक्ष्म कणांची मुभा होती, ती एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मानकात ०.०१ ग्रॅम झाली. म्हणजे कागदावर तरी एक जुनी गाडी छत्तीस नव्या गाड्यांइतकी काजळी सोडू शकते. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल वाहनांवर बंदीचा आदेश २०१५ मध्ये निघाला तो या काजळीपोटीच. तथापि काजळीचे प्रमाण इंजिनाच्या कामावरही अवलंबून असते, आणि वर्षात १२ हजार किलोमीटर शिवारात फिरणाऱ्या गाडीला व वर्षात लाखभर किलोमीटर शहरांमधून जाणाऱ्या गाडीला एकच वयाची फूटपट्टी लावणे हे सोपे असले तरी न्याय्य नाही. कर धावेवर बसवला तर कदाचित दोघांचाही हिशेब खरा लागेल.

जुन्या ट्रकच्या बाजूने बोलताना जिथे जीभ अडखळावी अशी जागा ब्रेकची आहे. कडक ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊन गाडी घसरू नये यासाठी असलेली एबीएस यंत्रणा नव्या अवजड वाहनांना २०१५ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत ती सहसा नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची सवय असलेल्या ड्रायव्हरच्या हाती असा ट्रक आला, तर इंजिनाची ओढ नाहीशी होऊन सगळा भार तापलेल्या ब्रेक-लायनरवर येतो. ड्रायव्हरच्या देहाचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, आणि लाकडी केबिनच्या जुन्या गाडीत इंजिनाचे बॉनेट ड्रायव्हरच्या मांडीशी तापत असते. मालकाला जो ट्रक परवडतो त्याची किंमत कित्येकदा दुसराच कोणी भरत असतो. मालकच ड्रायव्हर असेल, आणि उसाच्या फडावर तो अनेकदा असतोच, तर निदान हा सौदा त्याचा स्वतःचा राहतो.

हंगाम संपला की अशा गाडीची बॅटरी उतरवून घरात नेली जाते, पाट्यांना, म्हणजे चाकांवरचा भार पेलणाऱ्या लवचिक पोलादी पट्ट्यांना, जळके ऑइल लावले जाते, टायरांवरचा भार कमी व्हावा म्हणून आसाखाली दगड किंवा ओंडके सरकवले जातात, आणि कर वाचावा म्हणून वाहन वापरात नसल्याची सूचना, म्हणजे ‘नॉन-यूज’, आरटीओ कार्यालयात दिली जाते. पुढचे सात-आठ महिने तिच्यावर खर्च होतो तो एका ताडपत्रीचा.