समन्स आले, आता काय?

वाचकहो, दिवाळीच्या फराळाच्या ताटाशी कोर्टाची गोष्ट काढू नये, हे मला कळते. पण यंदा आमच्याकडे चकलीचा पहिला घाणा निघतो न निघतो तोच शेजारचे नाना समन्स घेऊन आले. मागे त्यांचे चिरंजीव, मान खाली घालून. पावसाळ्यात एका रात्री त्याची मोटार दुभाजकावर चढून दिव्याच्या खांबाला आपटली होती. दुसरे वाहन नाही, कुणाला खरचटलेही नाही. पण पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ लावले, म्हणजे बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन चालवणे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नानांच्या घरात तोवर तीन पक्ष पडले होते. मामांचे मत, "गुन्हा कबूल म्हणायचं, हजार रुपये टाकायचे नि मोकळं व्हायचं." आजींचे मत, "कुत्रं आडवं आलं म्हणून सांगा." आणि नाना स्वतः हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, गाडी मी चालवत होतो असं सांगितलं तर? माझी नोकरी होऊन गेली. याची अजून लागायची आहे."

बापाचे काळीज ते! पण खऱ्या आरोपीला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणे हा निराळा गुन्हा आहे. एकाच्या जागी दोघे पिंजऱ्यात उभे राहायचे.

मामांची वाटही वाटते तितकी सोपी नाही. दंड भरला तरी दोषी ठरल्याची नोंद राहते, आणि नोकरीच्या अर्जात विचारले तर ती सांगावी लागते. शिवाय गाडी आपटली एवढ्याने हयगय शाबीत होत नाही. कर्नाटकातल्या एका उलटलेल्या ट्रकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सांगितले, की गाडी 'फार वेगात' होती एवढे म्हणणे पुरेसे नाही. हयगय सरकारपक्षाने सिद्ध करायची असते.

म्हणून आधी कागद पाहावेत : आरोपपत्र, जागेचा पंचनामा, मोटार वाहन निरीक्षकाचा ब्रेकबद्दलचा अहवाल. यांच्या प्रती आरोपीला फुकट मिळतात. सोबत लायसन्स, आर. सी. बुक आणि विम्याची पॉलिसी ठेवावी. तारीख मात्र चुकवू नये. वॉरंट निघू शकते.

एवढे सांगून मी मुलाला विचारले, "खरं काय झालं?"

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "काका, फोन वाजला. मी खाली पाहिलं."

नाना खिडकीबाहेर बघू लागले.

मी म्हटले, "कोर्टात गप्प राहण्याचा तुला हक्क आहे, खोटं रचण्याचा नाही. कबुली द्यायची तर ती खरी आहे म्हणून दे, लवकर सुटका व्हावी म्हणून नको. पहिलाच गुन्हा असेल तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन सोडण्याची विनंती करता येते. मॅजिस्ट्रेटनं ती मान्य केली, तर दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता त्या कायद्यानं लागत नाही. पण मान्य करणं त्यांच्या हाती."

"खांबाची भरपाई मी हप्त्यानं देतो," तो म्हणाला, "आणि झालं तेच सांगतो."

तारीख भाऊबीजेनंतरची आहे. निकाल काय लागेल, हे मी आज कसे सांगू? परवा मात्र बापलेक मोटारीतून आकाशकंदील आणायला निघालेले दिसले. गाडी मुलगाच चालवत होता. त्याचा फोन नानांच्या खिशात होता.