किराणा, इडलीपात्र आणि अम्मीची सांदणं

रमजानच्या आधीचा किराणा भरायला आम्ही यंदा मॉलवजा मोठ्या दुकानात गेलो. यादीत तांदूळ, बेसन, तेल, खजूर एवढंच. पण किराण्याचं दुकान आता नुसतं किराण्याचं कुठे राहिलंय? डाळींच्या पुढच्याच रांगेत कढया, तवे, कुकर, आणि पैसे भरायच्या रांगेजवळ पाककृतींची पातळ पुस्तकं. ताटकळत उभं असताना हात तिकडे जातोच; म्हणून तर ती तिथं ठेवतात!

भांडी तिथून घ्यायला हरकत नाही. फक्त सवलतीचा आकडा वाचण्याआधी भांडं हातात घ्यावं. बूड पातळ असलं की खीर लागलीच म्हणून समजा. कुकरवर आयएसआयचा शिक्का हवाच. आम्ही एक स्टीलचं इडलीपात्र घेतलं.

पुस्तकही चाळलं. ‘मुघलाई’ प्रकरणात बिर्याणी, कोर्मा, कबाब. जणू मुसलमानांच्या घरी रोजच दावत! आमच्या कोकणातली सांदणं त्यात नव्हती. कमलाबाई ओगले यांनी १९७० साली ‘रुचिरा’ लिहिलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं कितीतरी नव्या सुनांचा स्वयंपाक सावरला. आमच्या घरात मात्र माप म्हणजे अम्मीची मूठ. खाला दोन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारी झाली. तिच्या हातचा मसाला तिच्याबरोबरच गेला. विचारू विचारू म्हणता राहून गेलं.

पुस्तक परत ठेवलं आणि दोनशे पानी वही घेतली. घरी अम्मीला खुर्चीवर बसवलं. ती मूठ भरायची, आम्ही ती वाटीत रिकामी करून मोजायचो. ती वैतागली. “अगं, मापाकडे काय बघतेस, पीठ बघ!” तरी लिहिलं: दोन वाट्या भिजवलेले तांदूळ, अर्धी वाटी भात, वाटीभर नारळाचं दाट दूध, दोन चमचे साखर, चवीला मीठ, अर्धा लहान चमचा यीस्ट. बारीक वाटून, पीठ फुगून वर येईपर्यंत झाकून ठेवायचं, मग पंधरा मिनिटं वाफवायचं.

सांदणं इडलीपात्रात छान फुलली. “वाटीतल्यांची सर नाही,” म्हणत अम्मीनं तीन खाल्ली.

पुढचं पान खिचड्याचं. त्याला मोठं पातेलं लागेल. पण मोहरमपर्यंत वेळ आहे.