रोबोटमुळे मूत्राशय वाचतं का?

लघवीतून रक्त गेलं, पण दुखलं काहीच नाही. चार दिवसांनी ते आपोआप थांबलं. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून विषय संपला. आपल्या घरांतले बुजुर्ग तर ही गोष्ट मुला-सुनांना सांगायलाही लाजतात. पण न दुखता लघवीतून जाणारं रक्त हेच मूत्राशयाच्या कॅन्सरचं सर्वांत नेहमी दिसणारं पहिलं लक्षण आहे.

हल्ली ‘रोबोटिक ऑपरेशन’च्या जाहिराती सगळीकडे दिसतात. रोबोट असला की मूत्राशय वाचणार, असा अनेकांचा समज होतो. आम्ही डॉक्टर नाही, शाळेत शिकवणारी माणसं आहोत. पण प्रसिद्ध झालेले अभ्यास वेगळं सांगतात, ते समजून घेऊ या.

रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही. सर्जन बाजूला बसून यंत्राचे हात चालवतो. छेद लहान असतात, रक्त कमी जातं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत संपूर्ण मूत्राशय काढण्याच्या दोन पद्धतींची तुलना झाली. दोन वर्षांनंतर आजार न बळावलेले रुग्ण रोबोटिक गटात ७२.३ टक्के होते, तर पोट उघडून केलेल्या ऑपरेशनच्या गटात ७१.६ टक्के. म्हणजे कॅन्सरच्या दृष्टीने फरक जवळजवळ नाहीच.

मूत्राशयाचा फक्त गाठीचा भाग रोबोटने काढणं ही वेगळी गोष्ट. त्यावरचे अभ्यास लहान आणि निवडक रुग्णांचे आहेत. गाठ एकच हवी, शक्यतो मूत्राशयाच्या वरच्या भागात हवी, आणि बाकीचं अस्तर स्वच्छ हवं. असे रुग्ण थोडेच निघतात. शिवाय उरलेल्या मूत्राशयात गाठ पुन्हा येऊ शकते, म्हणून दुर्बिणीची तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते.

मूत्राशय वाचवण्याचा जास्त अभ्यासलेला मार्ग दुसराच आहे. लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडून काढायची, मग रेडिएशन आणि केमो एकत्र द्यायचं. २०२३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या तीन केंद्रांच्या ७२२ रुग्णांचा अभ्यास आला. पाच वर्षांनी कॅन्सर इतरत्र न पसरलेले रुग्ण मूत्राशय काढलेल्यांत ७४ टक्के, तर वाचवलेल्यांत ७५ टक्के होते. मात्र वाचवलेल्यांपैकी सुमारे १३ टक्के रुग्णांचं मूत्राशय नंतर काढावंच लागलं. आणि या अभ्यासात एकच, ७ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ असलेले रुग्ण घेतले होते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, निदान होतं तेव्हा चारपैकी साधारण तीन रुग्णांत कॅन्सर स्नायूपर्यंत गेलेला नसतो. त्यांच्यापैकी बहुतेकांचं काम दुर्बिणीच्या ऑपरेशनवर आणि मूत्राशयात सोडलेल्या औषधावर भागतं. त्यातलं एक औषध म्हणजे बाळांना टोचतात तीच बीसीजी. मूत्राशय वाचतं ते आजार लवकर कळल्यामुळे.

काही वेळा मूत्राशय काढणं हाच जीव वाचवण्याचा मार्ग असतो. मग अनेकदा पोटावर लघवीची पिशवी येते. ‘वुजू टिकणार नाही, नमाज कशी होणार?’ या काळजीने कोणी ऑपरेशन टाळू नये. शरीयतने माजूर माणसाला सवलत दिली आहे. कोकणात शाफई, इतरत्र बहुतेक हनफी, त्यामुळे तपशील वेगळे असतील. ते आपल्या आलिमांना ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्यावेत.

डॉक्टरांनाही चार प्रश्न जरूर विचारा. गाठ स्नायूपर्यंत गेली आहे का? मूत्राशय वाचवता येईल का, आणि रेडिएशनचा पर्याय आहे का? रोबोटने माझ्या बाबतीत नेमका काय फायदा होईल? एकूण खर्च किती? विमा असेल तर रोबोटिक ऑपरेशनसाठी रकमेची वेगळी मर्यादा आहे का, तेही पाहा. आणि मोठा निर्णय घेण्यापूर्वी दुसऱ्या कॅन्सरतज्ज्ञाचं मत घेण्यात संकोच कसला?

या आजाराचं सर्वांत मोठं कारण बिडी-सिगारेट आहे. ती आज सोडली तरी फायदाच. आणि आज रात्री दस्तरख्वान उचलल्यावर अब्बांना, चाचांना एवढं सांगा, की लघवीत एकदा जरी रक्त दिसलं तरी लपवायचं नाही, तपासून घ्यायचं.