मुलांना जंजिरा दाखवताना

पावसाळा सरला की पुण्यातून ताम्हिणी घाट उतरून कोकणाकडे जाणाऱ्या गाड्या वाढतात. मुरुड-जंजिऱ्याला आपल्याही घरांतून पुष्कळ मंडळी जातात. समुद्र, सुरमई, किल्ला, फोटो, की परत. जरूर जा. पण मुले बरोबर असतील तर त्यांना तिथे काय सांगायचे, हे निघण्यापूर्वी ठरवून ठेवा.

कारण वर्गात शिवचरित्र सुरू झाले की जंजिरा येतोच. मग एखादा मुलगा शेजारच्याला म्हणतो, ‘हा तुमचा किल्ला ना?’ ज्याला विचारले तो एकतर मान खाली घालतो, नाहीतर ‘आमचा कुणालाच घेता आला नाही’ म्हणून छाती फुगवतो. मला दोन्ही सारखेच खटकते. दहा वर्षांच्या मुलावर तीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईचा हिशेब कशाला?

मुलांना सरळ इतिहास सांगावा. त्या बेटावर आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता आणि त्यांचा प्रमुख राम पाटील. अहमदनगरच्या निजामशाहीने तो घेतला, पुढे दगडी कोट उभा राहिला. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेले हबशी. म्हणून या मुलखाला हबसाणही म्हणत. ‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’वरून आला, अर्थ बेट. सिद्दी कधी निजामशाहीचे, कधी आदिलशाहीचे, कधी मुघलांचे चाकर. शिवाजी महाराजांचे आणि त्यांचे हाडवैर होते, ते झाकण्याची गरज नाही. किनाऱ्यावरच्या रयतेला सिद्दींच्या स्वाऱ्यांचा जाच होता, हेही सांगावे.

पण त्याच दमात दौलतखानाचे नावही घ्यावे. तो महाराजांच्या आरमाराचा सरदार. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी कासम एका बाजूला होते आणि समोर मराठ्यांकडून दौलतखान लढत होता. त्याआधी १६२४ च्या भातवडीच्या लढाईत हबशी मलिक अंबरच्या बाजूने शहाजीराजे होते. एवढे ऐकले की ‘तुमचा-आमचा’ म्हणणारी मुले जरा गप्प होतात. मग खरे प्रश्न येतात. तोफा कुठून आणल्या? समुद्रात प्यायला पाणी कसे?

त्या प्रश्नांची उत्तरे किल्ल्यातच आहेत. राजपुरीहून शिडाच्या होडीने निघालो की बराच वेळ दरवाजा दिसतच नाही. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या मधून तो उघडतो. दाराशी दगडात कोरलेला वाघासारखा प्राणी आहे. चार पायांत चार, तोंडात एक आणि शेपटीत एक असे सहा हत्ती त्याने धरलेत. मुलांना मोजायला लावा. आत कलालबांगडी तोफ आहे. चहूकडे खारे पाणी, आणि मधोमध गोड्या पाण्याचे तलाव. पडक्या वाड्याच्या भिंती पाहताना सांगा की इथे नुसती फौज नव्हती, लोकांची घरे होती, चुली पेटत होत्या. होडीवाले घाई करतात, गाईडही तोफांपाशीच रमतात. घरांच्या जोत्यांपाशी आपणच थांबावे लागते.

मुलींना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. मुरुडला समुद्राकाठी नवाबांचा राजवाडा आहे, रस्त्यावरूनही दिसतो. नवाब सिद्दी अहमदखान यांच्या बेगम नाझली रफिया सुलतान १९०८ मध्ये युरोपच्या सफरीवर गेल्या आणि तिथे काय पाहिले ते त्यांनी उर्दूत लिहून प्रसिद्ध केले. अतिया फैजी त्यांची बहीण. उर्दूतल्या सफरनाम्यांचा विषय निघाला की आपण मौलाना शिबलींचे नाव घेतो, या जंजिऱ्याच्या बेगमचे नाही. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, आणि बेगमसाहिबांची आठवण आज मुरुडमध्येही फार कुणी काढत नाही.

परतीला खोकरीला थांबा. राजपुरीपासून जवळच, झाडीत तीन दगडी घुमट आहेत. सगळ्यांत मोठा सिद्दी सिरुलखानाचा, धाकटे दोन याकूतखान म्हणजेच तो खांदेरीचा सिद्दी कासम आणि त्याचा भाऊ खैरियतखान यांचे. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की या मकबऱ्यांच्या देखभालीसाठी एक गाव लावून दिले होते आणि दर गुरुवारी तिथे कुरआनपठण होई. किल्ल्यावर जत्रा असते तेव्हाही इथे शुकशुकाट असतो. भिंतींवर प्रेमिकांची नावे मात्र कोरलेली सापडतात, आणि त्यांतली काही आपल्याच मुलांची असतात. इथे शिलालेखही आहे. ज्या मुलाला कुरआन वाचता येतो त्याला पुढे करा आणि एकेक अक्षर लावायला सांगा. घाई करू नका, दगडावरची लिपी पुस्तकातल्यासारखी सुटी नसते.