प्रवासाची वही

प्रवासाची आवड नाही असा मनुष्य विरळा. सुटी लागली की कोणी कोकणात आजोळी जातो, कोणी वडीलधाऱ्यांबरोबर पंढरपुरास, तर कोणी शाळेच्या सहलीतून रायगडावर. परंतु चार महिन्यांनी त्यास विचारावे, ‘काय काय पाहिलेस?’ तर उत्तर मिळते, ‘फार मजा आली!’ याहून अधिक त्याला सांगता येत नाही. डोळ्यांनी टिपलेले पुष्कळसे वाटेतच सांडलेले असते. हे सांडणे थांबविण्याचा एक जुना आणि स्वस्त उपाय आहे. प्रवासात एक वही जवळ बाळगावी आणि रोजच्या रोज तीत लिहावे. प्रत्येक मुलाने व मुलीने हा उपाय करून पाहावा असे माझे मत आहे. मात्र या वहीचे जसे सुख आहे तसे तिचे ओझेही आहे. दोन्ही ओळखूनच ती हाती घेतली पाहिजे.

तिचे पहिले सुख लिहिण्याचे नव्हे, पाहण्याचे. रात्री लिहावयाचे आहे हे ठाऊक असले म्हणजे दिवसा डोळे जागे राहतात. रायगडाच्या पायऱ्या पुष्कळ मुले चढतात. ज्याच्या पिशवीत वही असते तो त्या मोजतो. वाटेवर ताक विकणाऱ्या मावशींचे ताक सर्वच पितात. वहीवाला त्यांना विचारतो, ‘मावशी, हे ताक तुम्ही कोठून आणता? पावसाळ्यात तुमचे कसे चालते?’ इतक्या उंचीवर राहणाऱ्या माणसांना पाणी कोठून मिळत असेल, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. आणि मग वरचा गंगासागर तलाव त्याला नुसता सुंदर वाटत नाही, तो तेथे का आहे हेही उमगते.

दुसरे सुख असे, की आपण पाहिलेले इतरांच्या उपयोगी पडते. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे एक सामान्य भिक्षुक होते. घरचे कर्ज फिटावे, चार पैसे दक्षिणा मिळावी, या हेतूने १८५७ साली ते आपल्या चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि नेमके त्या वर्षीच्या उठावात सापडले. १८५८ साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. दक्षिणा फारशी हाती लागली नाही. पण जे पाहिले ते त्यांनी पुढे लिहून काढले, आणि ‘माझा प्रवास’ या नावाने ते १९०७ साली प्रसिद्ध झाले. तोफा किती व सैनिक किती, हे सेनापतींच्या अहवालांत सापडते; वेढ्यात अडकलेल्या साध्या माणसाच्या जिवाची घालमेल कशी होते, हे गोडसे भटजींनी सांगितले. मात्र त्यांनी हे लेखन चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून १८८३ च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षांनी, आठवणीतून केले. त्यामुळे काही तारखा व काही घटनांचा क्रम त्यांत चुकला आहे. प्रसंग मनात राहतो, तारीख निसटते. म्हणून दिवस, स्थळ, नावे व अंतरे ही कोरडी वाटणारी माहिती तरी त्याच दिवशी टिपून ठेवावी.

अशा कोरड्या माहितीचे मोल पुष्कळदा मागाहून कळते. चार्ल्स डार्विन हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १८३१ ते १८३६ अशी जवळजवळ पाच वर्षे ‘बीगल’ जहाजावरून पृथ्वीभोवती फिरला. खिशात मावणाऱ्या लहान वह्यांत तो टिपणे करी आणि मागाहून सवडीने सविस्तर रोजनिशी लिही. निरीक्षक एवढा दक्ष. तरी १८३५ साली गॅलापागोस बेटांवर पक्षी जमविताना कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा, हे सर्वच पक्ष्यांच्या बाबतीत त्याने नोंदविले नाही. एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात असलेल्या बेटांवर निरनिराळे प्राणी असतील, अशी कल्पना त्याला प्रथम आली नव्हती. पुढे याच भेदाला मोठे महत्त्व आले, तेव्हा जहाजाचा कप्तान फिट्झरॉय व इतर सोबती यांनी जमविलेल्या पक्ष्यांच्या नोंदींचा आधार त्याला घ्यावा लागला. लिहावयाचे राहिले होते ते केवळ बेटाचे नाव!

आता ओझ्याविषयी. पहिले ओझे थकव्याचे. दिवसभर चालून आल्यावर अंथरूण गोड वाटते व वही कडू. एक दिवस राहतो, मग दुसरा राहतो. तिसऱ्या दिवशी त्या वहीकडे पाहण्याचीच भीती वाटू लागते. तिला आपण सोबतीण म्हणून बरोबर घेतले, ती सावकार होऊन दारात बसते. अशा वेळी पाच ओळी लिहाव्यात आणि निजावे. पाच खऱ्या ओळी, न लिहिलेल्या पाच पानांहून बऱ्या.

दुसरे ओझे याहून जड आहे. ते वाचणाऱ्यांचे. आपली वही घरच्यांनी वाचली, वर्गात गुरुजींनी वाचून दाखविली, की कौतुक होते. कौतुक कोणास आवडत नाही? परंतु त्याची चटक लागली, की लेखणी वाहवत जाते. पावसाच्या चार सरी आल्या तेथे वादळ होते, झुडुपात काही खसखसले तेथे वाघ डोकावतो. पुढे पुढे तर मनुष्य स्थळ पाहावयास जात नाही. सांगण्याजोगे काही घडावे एवढ्यासाठी जातो. आता घरोघरी मोबाईल आले आहेत. गडावरून काढलेले छायाचित्र गड उतरण्यापूर्वीच सर्व आप्तेष्टांपर्यंत पोहोचते, आणि कोण काय म्हणाले हे पाहण्यात समोरचा सूर्यास्त निघून जातो. छायाचित्र वाईट असे मी म्हणत नाही. ज्या देखाव्यासाठी एवढी चढण चढलो, त्याकडेच पाठ होऊ नये, इतकेच माझे म्हणणे आहे. आधी मनसोक्त पाहावे. लिहिणे व दाखविणे मागाहून.

तिसऱ्या गोष्टीला ओझे म्हणण्यापेक्षा जबाबदारी म्हणणे योग्य होईल. प्रवासी एका गावी एक दिवस राहतो, आणि ‘येथील लोक आळशी आहेत’ असे लिहून मोकळा होतो. दुपारी दोन वाजता पारावर निजलेली माणसे त्याने पाहिलेली असतात. तीच माणसे पहाटे चार वाजता शेतावर गेली होती, हे त्याला कोणी सांगितलेले नसते आणि त्यानेही विचारलेले नसते. म्हणून आपण स्वतः काय पाहिले, दुसऱ्याकडून काय ऐकले आणि केवळ तर्काने काय ठरविले, हे वहीत वेगवेगळे लिहावे. ज्या घरी आपल्याला भाकरी मिळाली, त्या घरचे दारिद्र्य चारचौघांत सांगून हशा पिकविणे हा तर कृतघ्नपणाच होय.

तेव्हा पुढच्या सुटीत एक लहानशी वही व एक पेन्सिल अवश्य बरोबर घ्या. पेन्सिलीचे लिहिणे पावसात भिजले तरी सहसा पुसट होत नाही. परत आल्यावर लिहिलेले एकवार वाचा आणि आपल्या मनास विचारा : ज्या गावाविषयी हे लिहिले, त्याच गावच्या पारावर बसून, तेथील माणसांसमोर, हे मला मोठ्याने वाचता येईल काय? जी ओळ वाचताना मान खाली घालावी लागेल, ती खोडून टाका. जी ऐकून ती माणसे ‘अगदी असेच आहे’ असे म्हणतील, ती जपून ठेवा.