फलकाने फसवणूक थांबत नाही

मा. संपादक,

कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या बनावट चाचणी-मेलवर क्लिक करणाऱ्यांची नावे फलकावर लावण्याचा आपल्या लेखातला सल्ला अजब आहे. त्यातला कॉसमॉस बँकेचा दाखलाही गैरलागू: ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी गेले, त्यात एटीएम व्यवहारांना खोटी मंजुरी देणारी घुसखोरी होती; फलक तिथे काय करणार? चाचणी हवी, एवढे मान्य. पण डिसेंबर २०२० मध्ये गोडॅडी या इंटरनेट कंपनीने चाचणी-मेलमध्ये कर्मचाऱ्यांना ६५० डॉलर बोनसचे गाजर दाखवले आणि शेवटी माफी मागितली. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या १५ महिन्यांच्या अभ्यासात क्लिकनंतरच्या प्रशिक्षणाने कर्मचारी उलट जास्त फसले. संशयित मेल कळवण्याचे बटण मात्र कामी आले. शिस्तीचे काय, असे विचाराल. पण धाकाने माणूस खरी चूकही लपवतो आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायची वेळ निघून जाते.

एक वाचक, रत्नागिरी