सोन्याचं नाणं आणि खिशातला पैसा

नाण्यांचा नाद असलेल्या एका मित्राने परवा मोबाईलवर फोटो दाखवला. आफ्रिकेतल्या गॅबन या देशाचं सोन्याचं नाणं. साल १९६०. त्या वर्षी १७ ऑगस्टला गॅबन फ्रान्सपासून स्वतंत्र झाला आणि त्याची आठवण म्हणून १०, २५, ५० आणि १०० फ्रँकची सोन्याची नाणी निघाली. त्यावर चेहरा नेते लिऑन म्बा यांचा.

मी विचारलं, "यात भाजी घेता यायची का?" मित्र हसला. हे नाणं कपाटात ठेवायचं. बाजारात चालायचा तो सीएफए फ्रँक, फ्रान्सच्या चलनाला बांधलेला. १९६४ मध्ये म्बांची खुर्ची गेली, ती फ्रेंच सैनिकांनी परत मिळवून दिली. १९९४ मध्ये फ्रेंच फ्रँकच्या हिशेबात सीएफएची किंमत एका झटक्यात निम्मी झाली. तेच चलन तिथे आजही आहे, आता युरोला बांधलेलं. चेहरा आपला, दोरी दुसऱ्याच्या हातात.

हे आज सांगतोय, कारण आज १७ सप्टेंबर. मुक्तिसंग्रामाला २०२३ मध्ये ७५ वर्षं झाली.

आपल्याकडेही १९४८ ला निजामाची राजवट गेली, पण खिशातला हाली सिक्का लगेच गेला नाही. भारतीय रुपया आला तरी १९५९ पर्यंत दोन्ही चालत होते. सात हालीचे सहा कलदार, हा हिशेब जुन्या माणसांना तोंडपाठ होता. शेवटी खिसा देशाचा झाला. पण त्या खिशात किती पडणार, हे कोण ठरवतं?

१६ सप्टेंबर २०२३ ला आपल्या शहरात मंत्रिमंडळाची बैठक झाली. ४५ हजार कोटींहून जास्तीच्या घोषणा झाल्या. अशीच बैठक २०१६ मध्येही इथेच झाली होती, तेव्हाही आकडे असेच डोळे दिपवणारे होते. त्यातलं किती आलं, कुठे खर्च झालं, याचा कागद २०२३ च्या बैठकीत आधी ठेवायला नको होता का?

घटनेच्या कलम ३७१(२) मध्ये मराठवाड्यासाठी विकास मंडळाची तरतूद आहे. निधीचं समन्यायी वाटप व्हावं, अनुशेष मोजला जावा, यासाठी ते १९९४ ला आलं. ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय घेतला. २०२३ मध्येही मंडळाचा पत्ता नव्हता. मोजणाराच नाही, तर घोषणा करायला काय जातं?

आणि दोष फक्त मुंबईचा नाही. आकडा ऐकून टाळ्या आपणच वाजवतो. आम्ही पत्रकारही तो आकडा आठ कॉलमी छापतो आणि वर्षभराने विचारायला विसरतो. मीही विसरलोय. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर, आणि २०२३ मध्ये शहरातल्या कित्येक वस्त्यांत नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी यायचं. तरी आपण रोषणाईचे फोटो टाकतो.

आज सिद्धार्थ उद्यानात स्मृतिस्तंभासमोर मीही उभा राहणार. ज्यांनी जीव दिला त्यांच्यासाठी मान झुकलीच पाहिजे. पण त्यांनी जीव दिला तो कपाटात ठेवायच्या सोन्याच्या नाण्यासाठी नव्हे.

घोषणा सोन्याच्या राहू द्या. आम्हाला बाजारात चालणारा पैसा द्या. आणि विकास मंडळ कधी येणार, याची फक्त तारीख सांगा.

जय मराठवाडा.